दिनाभावजींच्या हातचं औषध

आमच्या माकुणसारात दिनाभावजी म्हटलं की लोकांना आधी त्यांचा आवाज आठवतो. सकाळी ते पानवेलीला पाणी सोडतात ते मला माझ्या स्वयंपाकघरात कळतं, कारण पाण्यालासुद्धा ते ओरडून सांगतात, "चल, हो पुढं!" ते माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. आमच्या दोन वाड्यांच्या मध्ये एक शेवग्याचं झाड आणि मोडकं कुंपण, एवढंच. त्यामुळे त्यांच्या घरातलं मला सगळं ऐकू येतं. ऐकू येतं म्हणून मी ऐकते. उगीच साळसूदपणाचा आव कशाला आणायचा?

माणूस मायेचा आहे, हे आधीच सांगून टाकते. पण त्यांची माया दांडगी. जेवायला बसवलं आणि आपण ताटावर हात आडवा धरला, तर हाताच्या वरून वाढतील. आजारी माणसाची विचारपूस करायला गेले, तर त्याला उठवून बसवून "आता कसं वाटतंय?" असं विचारतील. तारापूरला एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी बॉयलरवर नोकरी केली. रिटायर झाले तरी चाल तीच, शिफ्टला उशीर झाल्यासारखी. मंदाताई, म्हणजे त्यांची बायको, नेमकी उलटी. ती एक फोडणी घालेपर्यंत माझा स्वयंपाक आटपतो. या दोघांचा संसार कसा झाला हे मला अजून उमगलेलं नाही, पण झाला खरा.

नोकरी सांभाळून भावजींनी आणखी एक नाव कमावलं होतं. गुरांना औषध पाजावं तर दिनाभावजींनीच. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची बांबूची नळी होती, एक तोंड तिरकं कापलेली, हातांनी धरून धरून गुळगुळीत झालेली. बैलाची मान बगलेत आवळायची, जीभ बाजूला ओढून धरायची, नळी जबड्यात सारायची आणि तोंड आभाळाकडे करून एका दमात सगळं औषध आत. बैल चार पावलं मागे सरकायचा, भावजी पाच पावलं त्याच्याबरोबर सरकायचे, पण थेंब सांडायचा नाही. पार कोळगावपासून लोक त्यांना न्यायला यायचे. मग गावातले बैलच गेले. गोठ्यात भावजींची स्कूटर उभी राहायला लागली आणि नळी तिथल्याच एका खिळ्याला टांगून राहिली. सणावाराला मात्र ते ती पुसून ठेवायचे.

गुरांवर बसलेला तो हात घरातल्या माणसांवरही चालला, आणि त्याचा प्रसाद मिळाला वैष्णवीला. ती त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी तिला जंतांसाठी किराईत द्यायचे. किराईत किती कडू असतं हे ज्यांनी प्यायलंय त्यांना सांगायला नको. भावजी तिला दोन गुडघ्यांत दाबून धरायचे, नाक चिमटीत धरायचे, आणि तोंड उघडलं की वाटी रिकामी. "झालं! बघ, कळलं पण नाय," असं वर म्हणायचे. पोर किंचाळायची ती आमच्या घरात ऐकू यायची. मी तेव्हा नवी सून. कुंपणाकडे जायचे आणि परत फिरायचे. मोठ्या दिराला काय सांगणार?

आता वैष्णवी कोळगावला जिल्ह्याच्या ऑफिसात नोकरी करते, पालघरला राहते. नवरा रूपेश शांत स्वभावाचा आहे. दर रविवारी ती माहेरी येते, बापाशी हसतेबोलते, वाडीत फिरते. पण त्यांच्या हातचं काही पीत नाही. भावजी तिच्यासाठी शहाळं काढतात, तोंड तासून तिच्यापुढे धरतात, आणि ती म्हणते, "ठेवा तिथं बाबा, घेते मागाहून." ते मागाहून कधी येत नाही. संध्याकाळी ते शहाळं जास्वंदीच्या मुळाशी ओतलेलं दिसतं. तेच शहाळं मंदाताईने दिलं तर घटाघटा पिते. ती हे मुद्दाम करत नाही, इतकं मी तिला ओळखते. हात पुढे आला की तिची मानच मागे जाते. आम्ही सगळे यावर हसायचो. भावजीही हसायचे. "माझ्या हाताला जन्माचं किराईत लागलंय काय?" असं म्हणायचे. पण रविवारी संध्याकाळी वैष्णवी गेली की ते स्वतः जास्वंदीजवळ जाऊन बघून यायचे. ते मी पाहिलं होतं आणि मला वाईट वाटलं होतं.

आणि मग सुकट. सुकट म्हणजे त्यांची कुत्री. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी लोकांनी भावजींना शाल-श्रीफळ दिलं, आणि गेटजवळच्या नळाखाली भिजत बसलेलं हे पिल्लू त्यांनी स्वतःच उचलून आणलं. शाल तिलाच गुंडाळली होती. अंगावर मांस म्हणून नव्हतं, म्हणून नाव ठेवलं सुकट. पुढे ती मंदाताईच्या भातावर चांगली गोल झाली, तरी नाव तेच राहिलं. स्कूटरचा आवाज तिला रस्त्याच्या वळणावरूनच कळायचा. भावजी वाडीत शिरले की ती त्यांच्या मागे, ते ओटीवर बसले की ती त्यांच्या पायांवर. त्यांचा आवाज कितीही चढला तरी ती कान हलवत नसे. या घरात त्यांचा आवाज मनावर न घेणारी ती एकटीच, असं मी मंदाताईला म्हणायचे.

यंदा श्रावणात सुकट आजारी पडली. पावसाळ्यात वाडीत गवत माजतं आणि गोचीड लागते. आधी तिने जेवण सोडलं, मग उठणं सोडलं. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. भावजींनी तिला स्कूटरवर पायांशी घेतलं आणि पालघरला जनावरांच्या डॉक्टर हेतलबेन आहेत त्यांच्याकडे नेलं. रक्त तपासलं. गोचीडताप. गोळ्या ती थुंकते म्हणून पातळ औषध लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे.

"काका, एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाल्या, "ताप उतरला तरी औषध थांबवायचं नाही. मध्येच सोडलं तर आजार उलटेल, आणि आता तिच्या अंगात रक्तच नाही. दुसऱ्यांदा ती टिकायची नाही." मग त्यांनी एक बिनसुईची सिरिंज हातात घेतली आणि कसं पाजायचं ते दाखवायला लागल्या.

"ते राऊ द्या डॉक्टर," भावजी म्हणाले. "आमी बैलांना पाजलंय. ही तर कुत्री हाय."

डॉक्टर मागून काहीतरी म्हणत होत्या, डोकं वर करू नका की असंच काही, पण भावजी तोवर दारात पोचले होते. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

संध्याकाळी मी शेवग्याचा पाला काढायला कुंपणाशी गेले होते. पाहते तर भावजींच्या हातात नळी. खिळ्यावरून काढून, धुऊन, औषध मोजून भरून तयार.

"अवं, ती पिचकारी दिलीय ना त्यांनी?" मंदाताई म्हणाली.

"त्या पिचकारीनं थेंब थेंब देत कुठं बसू? तिला तरास. एका घोटात देतो, सुटली बिचारी."

त्यांच्या मनात खरोखर तेच होतं, हे मी आजही सांगेन. लवकर उरकलं म्हणजे दुःख कमी, हा त्यांचा हिशोब. त्यांनी सुकटची मान बगलेत घेतली, जबडा उघडला, तोंड वर केलं आणि नळी तिरकी केली. कुत्रीने पाय झाडले. औषध आत गेलं, थोडं नाकातून बाहेर आलं, आणि ती जोरजोरात खोकायला लागली. भावजींनी हात सोडताच ती धडपडत केळींच्या मागे जाऊन बसली.

"गेलं पोटात," भावजी म्हणाले. पण तितक्या मोठ्याने नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत तिच्या छातीतून घरघर ऐकू यायला लागली. परत स्कूटर, परत पालघर. डॉक्टरांनी छातीला नळ्या लावून ऐकलं.

"औषध फुप्फुसात गेलंय काका. तोंड वर केलं की कुत्र्याला गिळता येत नाही, ते श्वासनळीत उतरतं. बैलांचंही बरं झालं ते नशीब म्हणा."

तीन-चार दिवस इंजेक्शनं झाली. भावजी रोज तिला न्यायचे आणि आणायचे. पानवेलीला पाणी सोडताना आवाज येईना, तेव्हा मी दोनदा कुंपणापाशी जाऊन बघून आले, माणूस आहे की नाही म्हणून. होते. पाट काढत होते, गप्प.

घरघर थांबली. सुकट थोडा पेजभात चाटायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, आता पातळ औषध परत सुरू करा, पण सिरिंजनेच. इथे खरी पंचाईत आली. भावजी ओटीवर आले की सुकट उठायची. पाय लटपटत असायचे, तरी उठायची आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायची. त्यांनी हाक मारली तर आणखी आत सरकायची. ज्या माणसाच्या पायांवर ती चार वर्षं झोपली, त्याच्या पावलांचा आवाज आला की तिची शेपटी पायांत जायची. भावजी टाकीपाशी उभे राहायचे आणि परत फिरायचे. मोठ्या माणसाचा असा चेहरा बघवत नाही.

मंदाताईने पाजायचा प्रयत्न केला. पण तिची बोटं संधिवाताने आखडलेली, सिरिंजचा दट्ट्या तिला दाबता येईना. अर्धं औषध कुत्रीच्या पोटात, अर्धं पायरीवर. मी? मला लहानपणी कुत्रा चावला होता, तेव्हापासून मी कुत्र्यांशी कुंपणापलीकडूनच बोलते. मदत करायची इच्छा होती, धीर नव्हता.

रविवारी वैष्णवी आली. तिने काही विचारलं नाही. सिरिंज भरली, टाकीजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि मोबाइल बघत राहिली. थोड्या वेळाने सुकट आपणहून तिच्याजवळ सरकली. वैष्णवीने एका बोटाने तिच्या ओठाची कड बाजूला केली, गाल आणि दात यांच्या मधल्या पोकळीत सिरिंजचं टोक ठेवलं आणि थोडंसं औषध सोडलं. मान सरळ, तोंड जिथल्या तिथे. सुकटने जीभ फिरवली, गिळलं. वैष्णवी थांबली. मग आणखी थोडं.

भावजी ओटीवरून बघत होते. "कसं केलंस?"

"मी काय नाय केलं बाबा. तिनं गिळेपर्यंत थांबले."

"आणि नाय गिळलं तर?"

"तर अजून थांबायचं."

"आणि तोंड फिरवलं तर?"

वैष्णवी सुकटच्या कानामागे खाजवत होती. वर न बघताच म्हणाली, "तर फिरवू द्यायचं. तुमी घट्ट धरता, बाबा."

मंदाताई उगीचच तांदूळ पाखडायला लागली. मी शेवग्याच्या आड होते, ती तशीच मागे सरकले. संध्याकाळी वैष्णवी पालघरला गेली. तिची नोकरी, ती रोज कशी येणार? औषधाची बाटली कोनाड्यात होती आणि पुढचे सगळे दिवस भावजींच्या गळ्यात होते.

सोमवारी सकाळी मी वाडीत गेले तर केळींच्या आडोशाला भावजी उकिडवे बसलेले. हातात सिरिंज, त्यात पाणी. स्वतःच्याच गालात टोक घालून पाणी सोडत होते. एकदा मान सरळ ठेवून गिळलं. मग मान मागे टाकून सोडलं आणि असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले.

"भावजी, तुमाला पण गोचीड लागली काय?" मी कुंपणावरून विचारलं. राहवलंच नाही मला.

ते खोकत राहिले. डोळे पुसून म्हणाले, "वर्षा, जीव जातो गं असा." मग जरा वेळाने म्हणाले, "आणि औषध लय कडू हाय. चाखलं मी."

मला हसू येत होतं ते गिळलं. ते गोठ्यात गेले, खिळ्यावरून नळी काढली आणि मिरचीचं एक रोप वाकलं होतं त्याच्या बाजूला ठोकून त्याला बांधली. वडिलांच्या वेळची ती नळी. मंदाताई दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल, पण ती म्हणाली ते भलतंच.

"तिला बोंबलाचं पाणी द्या. त्यासाठी येईल ती."

आता यातली मेख अशी, की श्रावण चालू होता. आमच्याकडे श्रावणात घरात मासळी शिजत नाही. सुके बोंबील डब्यात भरून, डब्याला फडकं बांधून माळ्यावर जातात ते गणपती गेल्यावर खाली येतात. आणि मंदाताई तर अशी कडक, की श्रावणात दारावरून मासळीची पाटी गेली तरी उंबऱ्यावर पाणी शिंपडेल. तीच मंदाताई स्टुलावर चढली, डबा काढला, परसात विहिरीच्या पलीकडे तीन विटा मांडल्या आणि एका फुटक्या टोपात दोन बोंबील उकळत ठेवले. ना मीठ, ना मसाला. वास माझ्या घरापर्यंत आला. माझ्या नवऱ्याने पुस्तकातून मान वर करून विचारलं, "श्रावण संपला काय?" मी म्हटलं, "कुत्रीचा संपला." मंदाताई टोप देऊन अंगावर पाणी घेऊन आली आणि देवापाशी बसली. काय सांगितलं तिने देवाला, तिचं तिला ठाऊक.

त्या सकाळी भावजींनी औषधाचं नावच काढलं नाही. ते मंदाताईने दिलं, अर्धं सांडत. भावजींनी फक्त सिरिंजमध्ये बोंबलाचं पाणी भरलं आणि खालच्या पायरीवर जाऊन बसले, टाकीकडे पाठ करून. इतका वेळ ते एका जागी कधी बसले असतील तर लग्नातच. सुकट नाक हलवत टाकीमागून बाहेर आली, थबकली, परत गेली. भावजींनी वळून पाहिलं नाही. दुपारीही बसले. संध्याकाळी ती जवळ आली आणि सिरिंजचं टोक चाटून पळाली. दुसऱ्या दिवशी टोक तोंडात घेऊ दिलं. बोंबलाचं पाणी गालात गेलं, तिने गिळलं, आणखी मागितलं. मी रोज काहीतरी निमित्त काढून शेवग्यापाशी जात होते. माझ्या घरात त्या आठवड्यात शेवग्याची भाजी इतकी झाली की नवरा वैतागला.

मंदाताईच्या हातून निम्मं औषध वाया जात होतं, आणि ते परवडणारं नव्हतं. सुकटचं अंग परत तापलं होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पूर्ण औषध पोटात जायलाच हवं, आज-उद्यात. त्या संध्याकाळी भावजींनी सिरिंजमध्ये बोंबलाचं पाणी न भरता औषध भरलं.

पाऊस नुकता थांबला होता. केळीच्या पानांवरून पाणी गळत होतं. सुकट आली, पायरीखाली बसली. भावजींनी ओठाची कड बाजूला केली आणि थोडंसं सोडलं. तिने गिळलं आणि तिला कळलं की हे ते नव्हे. तिने तोंड फिरवलं.

मी बघितलं, भावजींचा डावा हात उठला. तिच्या जबड्याकडे गेलाच होता. सगळा जन्म तो हात असाच गेला होता, त्याला दुसरं माहीतच नव्हतं. सुकट थिजली. आणि भावजींनी तो हात मागे घेतला, आपल्या मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. अक्षरशः हातावर बसले. त्यांची मान ताठ झाली होती, कपाळावर घाम आला होता.

"सावकाश," ते म्हणाले. त्यांचा एवढा खालचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सावकाश. घाई नाय."

ती उठून गेली नाही. बराच वेळ गेला. मला मुंग्या चावत होत्या, पण हलले नाही. मग तिने तोंड परत वळवलं, जरासंच. त्यांनी थोडं सोडलं. ती गिळेपर्यंत थांबले. परत थोडं. मध्येच तिने पुन्हा मान फिरवली, ते पुन्हा थांबले. एवढ्या वेळात गावातले सगळे बैल पाजून झाले असते. पण सिरिंज रिकामी झाली आणि पायरीवर थेंब नव्हता. त्यानंतर त्यांनी तिला बोंबलाचं पाणी दिलं आणि मग कुठे मांडीखालचा हात काढला.

तीन आठवडे असंच चाललं. हात मांडीखाली, तोंडाने "सावकाश, घाई नाय." सुकटच्या हिरड्या गुलाबी झाल्या. एक दिवस स्कूटर वळणावर आली आणि ती भुंकत फाटकाकडे धावली, तेव्हा मंदाताईने मला हाक मारून बाहेर बोलावलं. दोघी बघत उभ्या राहिलो. डॉक्टरांनी रक्त तपासून आता पुरे म्हणून सांगितलं. भावजींचा माणूस म्हणून कायापालट झाला असं मात्र कोणी समजू नये. पानवेलीचं पाणी सकाळी परत शिव्या खायला लागलं, आणि गणपतीत मी हात आडवा धरला असताना त्यांनी माझ्या ताटात तीन मोदक वाढले.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी वैष्णवी आली ती घसा बसवून. बोलली की नुसती हवा. ती ओटीवर वरच्या पायरीला टेकून बसली, शाल घेऊन. मी भाजी द्यायच्या निमित्ताने गेले होते, खरं तर गप्पा मारायला. भावजी आत गेले. कपाट उघडल्याचा, भांडं आपटल्याचा आवाज आला. अडुळसा, आलं, गवती चहा, गूळ. काढा घेऊन ते बाहेर आले, वाफा येत होत्या.

मी आणि मंदाताईने एकमेकींकडे पाहिलं. आम्हाला पुढचं पाठ होतं.

"ठेवा तिथं बाबा," वैष्णवी म्हणाली, "घेते मागाहून."

एरवी ते म्हणाले असते, गरम हाय तोवर पी, पी बघू, आणि ग्लास तिच्या तोंडाशी नेला असता. आज त्यांनी नुसता ग्लास तिच्या बाजूला ठेवला. खालच्या पायरीवर जाऊन बसले, तिच्याकडे पाठ करून, तोंड पानवेलींकडे. सुकट आली आणि त्यांच्या गुडघ्याला गाल लावून बसली. आणि भावजींनी आपला डावा हात मांडीखाली घातला.

त्यांना ते कळलंही नसावं. पण वैष्णवीने पाहिलं. कुत्रीचं सगळं मंदाताईने तिला फोनवर सांगितलं होतं, हाताचंसुद्धा. ती त्या हाताकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं, थांबली. भावजींची पाठ हलली नाही. तिने आणखी एक घोट घेतला.

"सावकाश," भावजी वाडीकडे बघत म्हणाले. "घाई नाय."

वैष्णवी प्यायली. थांबत थांबत, पण सगळं. मंदाताईने पदर डोळ्यांना लावला. मीही रडले, त्यात लाजण्यासारखं काय आहे? लहानपणी त्या पोरीची किंकाळी ऐकून कुंपणाशी जाऊन परत फिरणारी मीच होते.

तिने रिकामा ग्लास बापाच्या खांद्यावरून पुढे धरला आणि बसलेल्या घशाने म्हणाली, "अजून हाय काय, बाबा?"

भावजींनी मांडीखालचा हात काढला. तो पार बधिर झाला होता, बोटं मिटेनात. त्यांनी दुसऱ्या हाताने ग्लास घेतला, सुकटला ओलांडून पायरी चढले, आणि आतून त्यांचा आवाज साऱ्या वाडीला ऐकू गेला, "मंदा, तो गूळ कुठं ठेवलास गं?"